न चढलेला कडा

सभासदाच्या बखरीत एक लहानसा प्रसंग आहे. शिवाजी महाराज रायरीचा, म्हणजे पुढच्या रायगडाचा, डोंगर पाहतात, त्याचे ताशीव कडे न्याहाळतात आणि म्हणतात की दौलताबादही पृथ्वीवरचा एक उत्तम गड खरा, परंतु तो उंचीने थोडका. हा त्याच्या दसपट उंच, तेव्हा तख्ताला जागा हीच. स्वराज्याच्या राजधानीची जागा ठरवताना तुलनेसाठी जो गड आठवावा तो सह्याद्रीतला नसून मराठवाड्याच्या पठारावरचा असावा, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. माप दौलताबादचे घ्यायचे आणि खोड काढायची तर उंचीची, यातच त्या गडाचा लौकिक कळतो.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर पाय झिजवलेल्या माणसाला दौलताबाद पहिल्या नजरेत खरोखरच थोडका वाटतो. छत्रपती संभाजीनगराहून वेरूळच्या रस्त्याला लागले की पंधराएक किलोमीटरवर, आजूबाजूच्या डोंगररांगेपासून सुटा झालेला एक शंकूसारखा डोंगर दिसतो. पायथ्यापासून त्याची उंची जेमतेम दोनशे मीटर. राजगड-तोरण्याच्या हिशेबात ही उंची म्हणजे अर्धी वाटसुद्धा नाही. मात्र थोडे जवळ गेले की डोंगराचा आकार खटकू लागतो. वरचा भाग इतर कोणत्याही टेकडीसारखा उतरता, झाडाझुडपांचा, आणि खालचा सुमारे पन्नास मीटरांचा पट्टा मात्र चहूकडून सरळसोट, गुळगुळीत, जिथे घोरपडीलाही नख रोवायला जागा मिळू नये असा. हा कडा निसर्गाचा नाही. काळ्या बसाल्टचा आख्खा डोंगर माणसांनी छिन्नी-हातोडीने गोलाकार तासून काढला आहे आणि त्याच्या पायाशी, त्याच खडकात, खंदक खणला आहे. इतरत्र माणसांनी अवघड डोंगर शोधले आणि त्यांवर गड बांधले. इथे सोपा डोंगर घेऊन त्याला अवघड करण्यात आले.

या गडाविषयी मी जे वाचले, आणि नंतर तो चढताना जे पाहिले, त्यातून एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. हा कडा चढून कोणी गड घेतल्याचे निदान माझ्या वाचनात तरी कोठे आलेले नाही. गड मात्र पुन्हा पुन्हा हातचा गेला. यादवांकडून खिलजींकडे, तुघलकांकडे, बहमनींकडे, निजामशाहीकडे, मोगलांकडे, हैदराबादच्या निजामाकडे, मधल्या काळात थोडा वेळ मराठ्यांकडेही. प्रत्येक नवा धनी दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेने आत आला आणि आत आल्यावर मात्र त्याच कड्याच्या भरवशावर निजला.

वेरूळचा रस्ता गडाच्या सर्वांत बाहेरच्या तटाला, अंबरकोटाला, छेदूनच जातो. कमानीतून एका वेळी एकच मोठे वाहन जाऊ शकते, त्यामुळे ट्रकवाले आणि सहलीच्या बसगाड्या एकमेकांना वाट देत थांबतात आणि निजामशाहीतल्या मलिक अंबरच्या नावाशी जोडला गेलेला हा तट आजही, शत्रूला नाही तरी वाहतुकीला, अडवून धरतो. आत दौलताबादचे गाव आहे. त्यापुढे महाकोट आणि अगदी आत, डोंगराला बिलगून, काळाकोट. म्हणजे बाहेरून आत जाणारा माणूस काळात मागे मागे जातो: सर्वांत नवा तट सर्वांत बाहेर, सर्वांत जुना भाग सर्वांत आत. एखादे झाड कापल्यावर दिसणाऱ्या वलयांसारखी ही रचना आहे. हिशेब बिघडतो तो माथ्यावर, कारण तिथे बसली आहे ती मोगलांची बारादरी, वयाने पुष्कळच धाकटी.

महाकोटाचे दरवाजे एकामागून एक आहेत आणि कोणताही दरवाजा पुढच्या दरवाजासमोर सरळ येत नाही. प्रत्येक दारानंतर उंच भिंतींनी वेढलेला चौक आहे, त्याला वळसा आहे, वळशावर बुरूज आहे. दारांच्या फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला अणकुचीदार खिळे आहेत. पहिल्या चौकात आता तोफा मांडून ठेवल्या आहेत आणि येणारा प्रत्येक जण त्यांवर हात ठेवून छायाचित्र काढून घेतो. त्या गर्दीतून वाट काढत पुढे जाताना जाणवते की ही सारी व्यवस्था घाईने आत शिरणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर थांबवण्यासाठी, त्याची पाठ आणि बगल उघडी पाडण्यासाठी आहे. हे ज्याने आखले त्याला लढाईचा अनुभव होता यात शंका नाही.

पण या गडाच्या इतिहासातला पहिला मोठा पराभव या दारांशी संबंधितच नाही. यादव राजा पाचव्या भिल्लमाने ११८७च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांचे जोखड झुगारून देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, राजधानी केली. पुढच्या शंभर वर्षांत या डोंगराच्या छायेत जे घडले त्याचा वारसा आजही आपल्या बोलण्यात आहे. सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने संगीतावरचा आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला, महादेव आणि रामचंद्र यांच्या पदरी हेमाद्री पंडित होता, महानुभावांचे गद्य आणि ज्ञानदेवांची ओवी याच राज्यात जन्मली, आणि ज्ञानेश्वरीच्या अखेरीस रामचंद्र यादवाचे नाव आदराने आले आहे. ते वर्ष होते शके १२१२, म्हणजे १२९०. त्यानंतर सहाच वर्षांनी कारा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी, दिल्लीच्या सुलतानाला, म्हणजे स्वतःच्या चुलत्याला आणि सासऱ्याला, थांगपत्ता लागू न देता काही हजार स्वार घेऊन विंध्य ओलांडून देवगिरीच्या दारात येऊन उभा राहिला. यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते. रामचंद्र, म्हणजेच रामदेवराव, गडात शिरला आणि दारे लावली.

इथून पुढची हकिकत फिरिश्ता हा फारसी इतिहासकार सांगतो. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांचे लमाणी तांडे जवळून जात होते, त्यांच्या गोणी धान्याच्या समजून घाईघाईने गडावर चढवण्यात आल्या आणि वेढा पडल्यावर त्या उघडल्या तेव्हा आत मीठ निघाले. फिरिश्ता या घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे गोणींचा तपशील कितपत खरा मानायचा हे ज्याने त्याने ठरवावे. मला स्वतःला ही गोष्ट खोटी वाटत नाही, कारण एवढी लाजिरवाणी आणि एवढी घरगुती चूक कोणी मुद्दाम रचेल असे वाटत नाही. रचणाऱ्याने एखादा फितूर किल्लेदार रचला असता. काही असो, शंकरदेव परत आला, हरला, आणि रामदेवरावाने प्रचंड खंडणी देऊन तह केला. त्या सोन्याच्या बळावर अलाउद्दीनने त्याच वर्षी चुलत्याचा खून करून दिल्लीचे तख्त घेतले. देवगिरीचा कोठार-प्रमुख कोण होता हे इतिहासाने नोंदवलेले नाही, आणि ते त्याच्या दृष्टीने बरेच झाले.

पुढचे पंधरा-वीस वर्षांचे प्रकरण मी भराभर सांगते, कारण त्यात वाचण्यासारखे दुःखाशिवाय काही नाही. अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला, रामदेवराव दिल्लीला नेला गेला, ‘रायरायान’ हा किताब घेऊन परत आला आणि मांडलिक म्हणून वारला. शंकरदेवाने खंडणी थांबवली आणि तो मारला गेला. शेवटी जावई हरपाळदेव उठला, त्यालाही कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने क्रूरपणे ठार केले आणि १३१८ साली यादवांचे राज्य संपले. त्याच मुबारकने उभारलेली जामा मशीद महाकोटातून पुढे गेल्यावर लागते. सहलीला आलेली एक अख्खी शाळा त्या वेळी तिच्या अंगणात डबे उघडून बसली होती, म्हणून ती मी परतीच्या वाटेवर पाहायचे ठरवले.

मशिदीच्या अलीकडे हत्ती हौद आहे. नाव ऐकून हत्तींच्या आंघोळीचा हौद असावा असे वाटते, पण हे नाव बहुधा त्याच्या आकारावरूनच पडले असावे. काठावर उभे राहिले की समोरच्या काठावरची माणसे लहान दिसतात. आसपासच्या डोंगरांतून मातीच्या नळांनी पाणी आणून ते गडाच्या आत खेळवण्याची सोय निरनिराळ्या काळांत होत गेली, विहिरी आणि बावड्या खणल्या गेल्या, आणि या उघड्या, उन्हाने करपलेल्या पठारावर एक शहर जगवण्यात आले. महंमद तुघलकाचा विचार या हौदाच्या काठावर उभे राहून करावा. १३२७च्या सुमारास त्याने देवगिरीचे दौलताबाद केले आणि दिल्लीची उमराव मंडळी, उलेमा, सूफी, त्यांचे कबिले आणि नोकरचाकर यांना इकडे हलवले. शाळेत आम्हाला तो ‘वेडा महंमद’ म्हणून शिकवला गेला आणि परीक्षेत त्याच्या वेडेपणाची कारणे लिहावी लागत. नकाशा पाहिला तर दक्षिण जिंकलेल्या माणसाने दक्षिणेच्या तोंडावर दुसरी राजधानी करावी यात वेडेपणा फारसा दिसत नाही. वेडेपणा असेल तर तो माणसांना जनावरांसारखे हाकण्यात होता. काही वर्षांनी त्यानेच लोकांना परतीची मुभा दिली. जे परतले नाहीत त्यांच्यामुळे शेजारचे खुलदाबाद सूफींचे ठाणे झाले आणि दख्खनी बोलीची बीजे इकडे रुजली.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच सुमारास दौलताबादेहून गेला. त्याने गवयांच्या आणि गायिकांच्या एका बाजाराचे वर्णन केले आहे, तिथल्या मराठ्यांच्या खाण्यापिण्याविषयी लिहिले आहे, आणि गडावरच्या कैद्यांच्या कोठड्यांविषयी लिहिताना म्हटले आहे की तिथले उंदीर मांजरांहून मोठे असतात आणि मांजरे त्यांना भिऊन पळतात. गड अजिंक्य होता म्हणून तो तुरुंगासाठी सोयीचा ठरला; जो कडा बाहेरच्याला आत येऊ देत नाही तो आतल्याला बाहेरही जाऊ देत नाही. ही दुसरी सोय पुढच्या प्रत्येक राजवटीने वापरली.

तुघलकाला स्वतःच्या या गडापुढे हात टेकावे लागले ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. दख्खनच्या अमीरांनी बंड करून दौलताबाद ताब्यात घेतला तेव्हा सुलतान जातीने चालून आला आणि त्याने वेढा घातला, पण तेवढ्यात गुजरातेत दुसरे बंड उठले आणि त्याला तिकडे धावावे लागले. मागे राहिलेल्या फौजेचा बंडखोरांनी पराभव केला आणि १३४७ साली हसन गंगू इथेच अलाउद्दीन बहमनशहा म्हणून तख्तावर बसला. त्याने राजधानी गुलबर्ग्याला नेली. बहमनींची दौलताबादेतली खूण म्हणजे दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाच्या कारकिर्दीत (१४३६–१४५८) उभारलेला चाँदमिनार. तो सुबक आहे, दुरून फार देखणा दिसतो, त्याच्या आत जाता येत नाही, आणि खरे सांगायचे तर गडाच्या कथेशी त्याचा संबंध एखाद्या ध्वजाएवढाच आहे.

बहमनी राज्य फुटले तेव्हा मलिक अहमद निजामशहाला दौलताबाद हवा होता आणि तो त्याला घेता येत नव्हता. त्याने काढलेला उपाय कड्याला वळसा घालणारा होता. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध त्याने अहमदनगर वसवले आणि तिथून सुगीच्या दिवसांत फौज पाठवून दौलताबादच्या मुलखातली पिके उद्ध्वस्त करण्याचा सपाटा लावला. वर्षांमागून वर्षे हे चालले. शेवटी किल्लेदार मलिक अश्रफ वारला आणि १४९९ साली शिबंदीने किल्ल्या निजामशहाच्या स्वाधीन केल्या. पुन्हा धान्यच. यादवांच्या मिठाच्या गोणींनंतर दोनशे वर्षांनी तीच जखम दुसऱ्या हत्याराने.

काळाकोटात शिरले की चिनी महालाचे अवशेष लागतात. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे अजून तग धरून आहेत. त्यांवरून नाव पडले. बाकी महाल म्हणावे असे आता तिथे काही नाही. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने १६८७ साली गोवळकोंडा जिंकल्यावर इथे आणून ठेवले आणि सुमारे बारा वर्षांनी तो कैदेतच मरण पावला. हा तोच तानाशहा, ज्याच्या दरबारात मादण्णा आणि आकण्णा हे बंधू कारभारी होते आणि ज्याने १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचे भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, थाटाने स्वागत केले होते. गोवळकोंडाही आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर पडला तो एका दाराची कडी आतून निघाल्यामुळे. म्हणजे ज्याचा अभेद्य गड फितुरीने गेला त्याला उरलेले आयुष्य दुसऱ्या अभेद्य गडात काढावे लागले. त्याची कबर खुलदाबादला आहे. त्याला डांबणारा औरंगजेबही १७०७ साली त्याच गावात मातीला गेला. चिनी महालासमोर फारसे कोणी थांबत नाही. पुढच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, तिच्याकडे सगळ्यांचे पाय वळतात. पंचधातूची ही तोफ खरोखरच अप्रतिम आहे. मागच्या बाजूला मेंढ्याचे मुखवट्यासारखे डोके आहे, अंगावर औरंगजेबाच्या नावाचा लेख आहे, आणि ती खुंटावर अशी बसवली आहे की तिचे तोंड फिरवता यावे. मी मात्र चिनी महालापाशी बराच वेळ काढला. बारा वर्षे त्या जागेतून काय दिसत असेल, तर तोच ताशीव कडा.

खंदकाशी आले की सगळे बोलणे आपोआप कमी होते. इथे पलीकडे जाण्याची एकच वाट आहे. जुना दगडी पूल मध्ये खोलगट केलेला आहे, म्हणजे खंदकातले पाणी चढवले की तो बुडावा. आता त्याच्या वरून लोखंडी पूल आहे आणि आपण निर्धास्त पलीकडे जातो. कडा खाली वाकून पाहिला की छिन्नीच्या घावांच्या ओळी दिसतात. हा कडा कोणाचा? यादवांचा, असे आपण सहज म्हणतो आणि मलाही मनातून तेच हवे असते. काही अभ्यासक मात्र कड्याचे आणि खंदकाचे बरेचसे काम नंतरच्या सुलतानी काळाचे, विशेषतः तुघलकाच्या वेळचे मानतात, कारण फिरिश्ताने तर अलाउद्दीनच्या वेळी गडाला खंदक नव्हता असेच नोंदवले आहे. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्यात असे वाटते: डोंगर तासण्याची कल्पना ज्या प्रदेशात सुचली तिथून वेरूळचे कैलास लेणे बारा-पंधरा किलोमीटरवर आहे आणि ते यादवांच्याही चारशे वर्षे आधीचे आहे. खडक वरून खाली कोरत नेण्याची, म्हणजे चूक दुरुस्त करता येत नाही अशी विद्या ज्या मुलखातल्या पाथरवटांच्या हातात होती, त्यांच्याकडून काम करून घेणारा राजा कोणता होता हा प्रश्न मग दुय्यम होतो. राजे बदलले तरी छिन्नी धरणारे हात पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावांतले असणार.

पुलापलीकडे अंधारी. डोंगराच्या पोटातून वळत वळत वर चढणारा हा भुयारी मार्ग आहे आणि गडाच्या मूळ शिखराकडे जाणारी वाट हीच. तोंडाशी मशालवाले उभे असतात. मी ज्यांच्याबरोबर निघाले ते साठीच्या पुढचे गृहस्थ होते. “ताई, हात भिंतीला लावू नका, वाघळं हायत,” एवढे सांगून ते पुढे झाले. आत वटवाघळांचा उग्र दर्प आहे आणि पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या केलेल्या आहेत, त्यामुळे पावलांना लय सापडत नाही. एके ठिकाणी उजेडाची तिरीप येते. अंधारात चाचपडणारा माणूस साहजिकच तिकडे वळेल, आणि तिकडे गेला की थेट खंदकात पडेल, असे मामांनी मशाल तिथे नेऊन दाखवले. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण असे, त्यावर शेगडी पेटवून भुयार धुराने कोंदून टाकता येई. खंदकात सुसरी सोडलेल्या असत, उकळते तेल ओतत, असेही बरेच त्यांनी सांगितले. त्यातले धुराचे मला पटले, कारण त्याची व्यवस्था डोळ्यांना दिसते. सुसरींविषयी मी काही बोलले नाही. “मामा, इथून कोणी लढून वर आलं होतं का कधी?” असे मी विचारले तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, “कशाला यील? खालीच समदं मिटायचं.” ग्रंथांतून गोळा केलेले माझे म्हणणे त्यांनी एका वाक्यात संपवले.

अंधारीतून बाहेर पडले की उजेडाने डोळे दिपतात आणि मग साध्या पायऱ्यांची दमवणारी चढण लागते. सगळ्या मिळून साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत म्हणतात. या चढणीवर, माथ्याच्या जवळ, जनार्दनस्वामींचे स्थान आहे. या गडाविषयी मला सर्वांत जास्त काय सांगावेसे वाटते असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन, कारण इतक्या राजवटींच्या या जागेत मनाला विसावा देणारे एवढेच आहे. जनार्दनस्वामी निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार होते. दत्तभक्त ब्राह्मण, हाताखाली मुसलमानी राज्याची शिबंदी, आणि परंपरा सांगते की त्यांच्यासाठी गुरुवारी गडाच्या कचेरीला सुटी असे. पैठणहून निघालेला लहान वयाचा एकनाथ त्यांच्याकडे आला आणि हिशेबनीस म्हणून राहिला. एका रात्री हिशेबात एका पैची चूक राहिली होती ती शोधताना पहाट झाली, सापडल्यावर तो आनंदाने टाळ्या पिटू लागला, आणि गुरू म्हणाले की एका पैच्या चुकीसाठी जो एवढा जागतो त्याने संसाराच्या चुकीचा शोध लावला तर काय होईल. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुसरी कथा तितकी सांगितली जात नाही: स्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला आणि एकनाथाने त्यांचे चिलखत अंगावर चढवून, घोड्यावर बसून, गुरूची समाधी न मोडता शत्रू परतवला. पुढे ज्याने भागवत आणि रामायण मराठीत आणले, भारुडे रचली, ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला, त्याची उमेदवारी या गडाच्या कचेरीत झाली, जमाखर्च लिहिण्यात झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तहानभुकेचा, दाण्यागोट्याचा हिशेब हाच तर या गडाचा खरा तट होता. स्वामींनी फाल्गुन वद्य षष्ठीला देह ठेवला आणि नाथांनीही पुढे तीच तिथी निवडली, म्हणून पैठणची नाथषष्ठी ही दोघांचीही.

माथ्यावर बारादरी आहे. शहाजहान १६३६ साली दौलताबादेस येऊन गेला त्या सुमाराची ही इमारत. वारा सतत वाहत असतो, खालचा सगळा मुलूख नजरेत येतो, आणि लढाईचा काही संबंध नसलेली ही एक विसाव्याची जागा आहे. मोगलांनी गडाच्या शिरावर बसवली ती हवेली. तोपर्यंत त्यांना दख्खनेत भ्यावे असे या बाजूला कोणी उरले नाही असे वाटले असावे. इथून खाली पाहताना मला १६२९ आणि १६३३ ही दोन वर्षे आठवत होती. १६२९ साली निजामशहाच्या दरबारात सिंदखेडचे लखुजी जाधवराव आणि त्यांच्या घरातले पुरुष दग्याने कापले गेले, ते याच दौलताबादेत. सिंदखेडकर जाधव आपले कूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात. ज्या गडावर पूर्वजांचे सिंहासन होते त्या गडावर मुजऱ्याला येऊन त्या वंशाची माणसे मारली गेली. जिजाबाईंचे हे माहेर होते. पुढच्या वर्षी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. देवगिरीची गोष्ट आमच्याकडे रामदेवरावाशी संपवण्याची पद्धत आहे, पण तिचा धागा खरे तर इथून पुढे जातो.

मलिक अंबर १६२६ साली वारला होता. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या या माणसाने निजामशाही मरता मरता पंचवीस वर्षे जगवली आणि तोफांच्या माऱ्याच्या काळात जुने तट पुरणार नाहीत हे ओळखून बाहेरचा कोट उभा केला. त्याचा मुलगा फत्तेखान मात्र बापाच्या वकुबाचा नव्हता. १६३३ साली महाबतखानाच्या मोगली फौजेने वेढा घातला तेव्हा मुलूख नुकताच मोठ्या दुष्काळातून होरपळून निघाला होता. मोगलांनी सुरुंग लावून अंबरकोट फोडला, मग महाकोट फोडला. कड्यापर्यंत आले आणि थांबले. पुढे जायची गरजच पडली नाही. आत दाणा नव्हता, फत्तेखानाने पैसे आणि सलामती यांची बोली करून गड दिला, आणि बाल निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवण्यात आले. शहाजीराजांनी त्यानंतरही पेमगडावर दुसऱ्या एका मुलाला निजामशहा म्हणून बसवून तीन वर्षे मोगलांशी झुंज दिली. दौलताबादेच्या मानाने पेमगड म्हणजे काहीच नाही. बांधकाम नाही, तोफा नाहीत, चिनी महाल नाही.

पुढचे सगळे कागदावर झाले. दख्खनचा सुभेदार निजाम स्वतंत्र झाला तसा गड त्याचा झाला. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतरच्या तहात सदाशिवरावभाऊंनी तो पदरात पाडून घेतला, पण पुढच्याच वर्षी पानिपत झाले आणि थोड्याच काळात दौलताबाद पुन्हा निजामाकडे गेला. मराठ्यांनी या गडावर बांधलेले काही मला दिसले नाही, आणि बांधायला त्यांना सवडही मिळाली नाही. नंतरच्या शतकांत तोफा मोठ्या झाल्या, युद्धे मैदानात गेली आणि गड नुसता उभा राहिला.

उतरून आले तेव्हा शाळेची मुले निघून गेली होती, म्हणून जामा मशिदीत शिरले. अंगण विस्तीर्ण आहे आणि आतल्या दालनात खांबांच्या रांगा आहेत. हे खांब देवळांचे आहेत हे सांगायला पाटीची गरज नाही. नक्षी खांबागणिक वेगळी आहे. हैदराबाद संस्थान १९४८च्या सप्टेंबरात भारतात विलीन झाले, त्यानंतर इथे भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली आणि आज लोक पायताणे बाहेर काढून तिला नमस्कार करायला आत येतात. मला त्या दालनात अवघडल्यासारखे झाले हे लपवत नाही. देवळे पाडून मशीद उभारणाऱ्याविषयी राग येतो, सहाशे वर्षे ज्या जागी नमाज झाली तिथे मूर्ती बसवण्याची घाई कशाला, असेही वाटते, आणि या दोन्ही भावना एकमेकींना खोडत नाहीत. पुजाऱ्यांनी तीर्थ दिले, ते मी घेतले. १९४८ साली गडाला वेढा पडला नव्हता, तट फुटला नव्हता. भारतीय फौजांपुढे हैदराबाद शरण आले त्याबरोबर दौलताबादही आला, आणि त्या दिवसांत वरच्या कड्यावर कोणी पहाऱ्याला होते की नाही याची चौकशीसुद्धा कोणी केली नसेल.